परदेशी पान, गावठी चहा : मोरोक्कोच्या बाजाराचा प्रकरण अभ्यास

निर्यातीत उतरू पाहणारे लोक सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक रकाना ठरलेला असतो : ‘दुबई, सौदी आणि बाकीचे अरब देश’. या ‘बाकीच्यां’मध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, मॉरिटानिया असे सगळे कोंबलेले असतात. भाषा एक, धर्म एक, मग दुबईत खपला तो माल मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात का खपू नये, असा हिशोब असतो. हा रकाना किती महागात पडतो हे समजून घ्यायला चहाइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, म्हणून हे प्रकरण मोरोक्कोतल्या चहाचं.

भारत वर्षाला १३० ते १४० कोटी किलो चहा पिकवतो. त्यातला साधारण २५ कोटी किलो बाहेर जातो आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत संयुक्त अरब अमिराती, इराक, इराण असे पश्चिम आशियातले देश आहेत. म्हणजे अरब घरांत भारतीय चहा नवा नाही. दुसरीकडे पावणेचार कोटींच्या आसपास वस्तीचा मोरोक्को अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ६० ते ८० हजार टन चहा विकत घेतो. देशात चहा जवळजवळ पिकतच नाही. जो येतो तो जवळपास सगळा हिरवा आणि जवळपास सगळा चीनचा. चीनच्या हिरव्या चहाचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक मोरोक्कोच आहे. त्या बाजारात भारताचं नाव जवळजवळ ऐकू येत नाही.

दरातल्या फरकाने किंवा जहाजभाड्याने हे कोडं पूर्ण सुटत नाही. आपण तिथे चुकीचा माल नेतो, चुकीच्या पद्धतीने चाखतो आणि चुकीच्या माणसाला दाखवतो. हे तिन्ही मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत.

चहा तिथे पोचला कसा

मोरोक्कोतला पुदिन्याचा चहा हजार वर्षांचा असावा असं पाहुण्याला वाटतं. तो तितका जुना नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुलतान मौले इस्माईलच्या दरबारात चहा आला तो युरोपियनांनी दिलेल्या नजराण्यांतून, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं तो श्रीमंतांच्या घरातच राहिला. सामान्य माणसापर्यंत तो गेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचं युद्ध चाललं. बाल्टिककडे आणि स्लाव प्रदेशांत जाणारा इंग्रज व्यापाऱ्यांचा चिनी चहा अडकून पडला. हा माल कुठे तरी खपवायला हवा होता. त्यांनी तो टँजियर आणि मोगादोर, म्हणजे आजचं एसाउइरा, या बंदरांत उतरवला. १८५६ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि मोरोक्कोत व्यापारी करार झाला, सुलतानाच्या बहुतेक मक्तेदाऱ्या संपल्या आणि आयातीवरची जकात दहा टक्क्यांवर बांधली गेली. दार उघडंच मिळालं.

इथे मोगादोरच्या ज्यू व्यापाऱ्यांचा उल्लेख करायलाच हवा. सुलतान सीदी मुहम्मद बिन अब्दुल्लाहने १७६० च्या दशकात हे बंदर बांधलं आणि तिथे ‘तुज्जार अस्-सुलतान’, म्हणजे सुलतानाचे व्यापारी, वसवले. त्यांत कॉर्कोससारखी ज्यू घराणी होती. त्यांचे आप्त आणि अडते लंडनमध्ये असत, त्यांचं रोजचं बोलणं मोरोक्कन अरबीत असे, आणि आतल्या डोंगरात माल नेणाऱ्या अमाझीग (बाहेरचे ज्यांना ‘बर्बर’ म्हणतात त्या तिथल्या मूळ लोकांतल्या) व्यापाऱ्यांशी त्यांचे पिढीजात संबंध होते. लंडनच्या पेढीला सहारापलीकडच्या टिंबक्टूचा रस्ता माहीत नव्हता. तो यांना माहीत होता. चहा आणि साखर मोगादोरहून उंटांवर लादली जाऊन सहारात खोलवर गेली ती या साखळीतून.

नावातही हा रस्ता उमटला आहे. अरबीत चहाला ‘शाय’ म्हणतात. मोरोक्कोत अरबी बोलणाराही आणि अमाझीग बोलणाराही ‘अताय’ म्हणतो. ‘शाय’ आणि आपला ‘चहा’ हे एका चिनी उच्चाराचे वंशज. ‘अताय’ दुसऱ्या उच्चाराचा, ज्यातून ‘टी’ आणि फ्रेंच ‘ते’ आले, तो समुद्रामार्गे युरोपियनांच्या जहाजांतून फिरला. अरब देश असून शब्द जहाजवाल्यांचा. दुबईची गणितं इथे लावू नयेत याचा पहिला इशारा या एका शब्दात मिळतो.

चहाबरोबर भांडीही आली. घुमटासारख्या झाकणाची, पोट फुगलेली ती प्रसिद्ध किटली मोठ्या संख्येने मँचेस्टरहून आली. तिथला रिचर्ड राईट नावाचा कारखानदार खास या बाजारासाठी किटल्या घडवत असे, आणि त्याच्या नावाचा शिक्का असलेली जुनी किटली आजही मोरोक्कन घरांत अभिमानाने दाखवतात. पुढे मोरोक्कोतल्याच फेझच्या कारागिरांनी तोच घाट उचलला. साखर फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून आली, शंकूच्या आकारात. १९२९ मध्ये कासाब्लांकात साखर कारखाना उभा राहिला तोही मार्सेयच्याच एका साखर कंपनीच्या पुढाकाराने. ‘कोसुमार’ या नावाने तो आज मोरोक्कन उद्योग म्हणून ओळखला जातो.

तर हिशोब असा : पान चीनचं, किटली इंग्रजांची, साखर फ्रेंचांची. स्थानिक काय, तर पुदिना आणि पाणी. आणि तरीही मोरोक्कन माणसाला विचारलं, तुमचं असं खास काय, तर तो पहिल्यांदा हाच पेला पुढे करतो.

पेल्यात काय घडतं

निर्यातदाराने या भागावर सर्वांत जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे, कारण आपली चूक इथे होते.

चहाची प्रत ठरवण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं झाकून ठेवायचा, गाळायचा आणि चाखायचा. गुवाहाटी असो की कुन्नूर, टेस्टिंग रूममध्ये पेले मांडतात ते थोड्याफार फरकाने असेच. त्या चाचणीत जो हिरवा चहा नाजूक, सुगंधी, फिकट सोनेरी ठरतो तो आपण ‘उत्तम’ म्हणून सॅम्पलच्या पाकिटात भरतो.

आता कासाब्लांकातलं एखादं घर बघा. किटलीत मूठभर गोळीदार पान पडतं. त्यावर थोडं उकळतं पाणी. हे पहिलं पाणी एका पेल्यात काढून बाजूला ठेवतात, त्याला म्हणतात ‘रूह’, म्हणजे चहाचा आत्मा. मग दुसरं पाणी घालून, हलवून, फेकून देतात. पानाची धूळ आणि कडवटपणा त्याबरोबर जातो. मग रूह परत किटलीत, वर पाणी, आणि किटली थेट विस्तवावर. उकळी येते. साखर पडते, तीही आपल्या मापाने बघितली तर छाती दडपावी इतकी. पुदिना पडतो, थंडीत कुणी ‘शीबा’ नावाची कडू वनस्पती घालतं. तालिउइनच्या अमाझीग मुलखात केशर पिकतं, तिथे केशराच्या काड्या घालतात. मग एक पेला भरून तो परत किटलीत ओततात, असं दोन-तीनदा, म्हणजे सगळं एकजीव होतं. शेवटी हात उंच नेऊन बारीक धारेने ओतायचा. वर फेस आला पाहिजे. फेस नसलेला चहा पाहुण्यापुढे ठेवायला यजमानाला संकोच वाटतो.

या सगळ्यातून जाणाऱ्या पानाला काय यायला हवं? उकळणं सोसायला हवं. एवढ्या साखरेखाली आणि पुदिन्याखाली दबून न जाता तुरटपणा टिकवायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या पेल्याला रंग सोडायला हवा. फेस धरायला हवा. सहा मिनिटं झाकून ठेवलेल्या दोन ग्रॅमांत यातलं काहीच दिसत नाही. आपलं सर्वांत नाजूक, सर्वांत महाग पान त्या किटलीत पहिल्या उकळीलाच संपतं, आणि आपल्या टेस्टरने ‘जरा धुरकट, जरा कठोर’ म्हणून नापसंत केलेलं पान तिथे छान उभं राहतं.

चीनच्या झेजियांग प्रांतात, शाओशिंगच्या परिसरात, पान कढईत भाजत भाजत त्याच्या घट्ट गोळ्या वळतात. चिनी लोक त्याला ‘मोत्यांचा चहा’ म्हणतात, इंग्रज व्यापाऱ्यांनी बंदुकीच्या दारूच्या दाण्यांसारखा दिसतो म्हणून ‘गनपावडर’ म्हटलं. दुसरा प्रकार भुवईसारखा वाकडा, ‘चुनमी’. घट्ट वळलेली गोळी हवेशी कमी भिडते, लांबच्या प्रवासात टिकते, आणि गरम पाण्यात हळूहळू उलगडते. विस्तवावरच्या चहाला जे हवं तेच. हा योगायोग म्हणावा तर म्हणावा. पण चहा मोरोक्कोत मुरला तो याच पानाच्या भोवती, त्यामुळे तोंडाची चव, भांडं आणि पान तिघं एकमेकांच्या मापाचे झाले. नवीन येणाऱ्याला या तिघांशी झगडावं लागतं.

इतर अरब देशांकडे बघितलं की ‘बाकीचे अरब देश’ हा रकाना आणखी विस्कटतो. इजिप्त काळा चहा पितो, बराचसा केनियाचा, बारीक दाण्याचा. इराकमध्ये छोट्या कमरेच्या ‘इस्तिकान’मध्ये काळा चहा, वेलदोडा घालून. आखातात ‘करक’, म्हणजे आपल्याच लोकांनी नेलेला दुधाचा कडक चहा. ट्युनिशियात चहावर पाइनचे दाणे तरंगतात, लिबियात शेंगदाणे किंवा बदाम. सहारात हस्सानी अरबी बोलणारे लोक चहाला तीन ‘जीम’ लागतात म्हणतात : जमाअ म्हणजे सोबत, जर्र म्हणजे रेंगाळणं, आणि जम्र म्हणजे निखारे. हे सगळे अरब, आणि त्या सगळ्यांना एकच पुडा विकता येत नाही.

बलदी आणि रूमी

मोरोक्कोत बाजारात उभं राहिलात तर दोन शब्द सतत कानावर पडतात. ‘बलदी’ म्हणजे इथलं, मातीतलं, खरं. ‘रूमी’ म्हणजे परकं. शब्दशः रोमन, पण वापरात युरोपियन, यंत्राचं, बाहेरून आलेलं. कोंबडी बलदी असते आणि रूमी असते. अंडी, लोणी, लिंबू, सगळ्यांची ही वाटणी होते, आणि बलदीला जास्त पैसे मोजायला लोक तयार असतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण ‘गावठी कोंबडी’, ‘गावठी अंडी’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

मग प्रश्न पडतो : शंभर टक्के आयात केलेला चहा रूमी का ठरला नाही? सुरुवातीला ठरला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला काही सूफी पंथांच्या धुरीणांनी चहा-साखरेवर कडाडून टीका केली. युरोपियनांची ही चीज देशाचा पैसा बाहेर नेते, ती सोडा, असं ते अनुयायांना सांगत. युरोपातली साखर हाडांचा कोळसा वापरून स्वच्छ करतात, मग ती चालते का, यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, खल झाला. (स्वदेशी चळवळीच्या दिवसांत विलायती साखरेविषयी आपल्याकडेही अशीच शंका घेतली गेली होती. परक्या मालाविषयीचं भय बहुधा तोंडात जाणाऱ्या वस्तूपासूनच सुरू होतं.)

विरोध मावळला, कारण चहा लोकांनी आपल्या विधींत ओढून घेतला. साखरेचा सुमारे दोन किलोचा शंकू, ज्याला ‘कालेब’ म्हणतात, तो मुलीला मागणी घालायला जाताना नेतात. लग्नात नेतात, बारशाला नेतात, कुणी गेलं तर सांत्वनालाही नेतात. घरातला जाणता माणूस पितळी हातोडीने तो फोडतो. आपल्या ‘साखरपुड्या’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे साखरेचा पुडा सोहळ्याच्या नावात उरला आहे, तिथे तो अजून खरोखरचा, कागदात गुंडाळलेला, हातात धरून नेला जातो. चौकोनी साखर आणि सुटी साखर स्वस्त आणि सोयीची असूनही शंकू बाजारातून गेलेला नाही. एखाद्या बाहेरच्या सल्लागाराने ‘पॅकिंग जुनाट आहे, बदला’ म्हटलं असतं तर त्याने मोठं नुकसान केलं असतं.

नाव कुणाचं

आता चिन्यांनी काय केलं ते बघू. १९५८ मध्ये मोरोक्को आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले, आणि त्याच वर्षी मोरोक्कोने चहाच्या आयातीसाठी सरकारी कार्यालय उभारलं. पुढची तीन-साडेतीन दशकं सरकार विकत घेई आणि चीनच्या सरकारी कंपन्या विकत. १९९० च्या दशकात ही मक्तेदारी गेली आणि खासगी आयातदार आले.

या व्यवहारात प्रतींना आकड्यांची नावं होती : ३५०५, ९३७१, ४१०२२, ४०११. पहिला गनपावडरचा, बाकीचे चुनमीचे. हे आकडे खरं तर आतल्या कागदपत्रांसाठी होते, पण ते खोक्यांवर छापले गेले आणि गिऱ्हाईकाच्या तोंडी बसले. माघरेबच्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या अरब देशांच्या, आणि सहाराच्या बाजारात माणूस ‘४०११ द्या’ म्हणतो, जसं आपल्याकडे शेतकरी ‘२६५ ऊस’ म्हणतो. आकड्याला भाषा लागत नाही. अरबी, ताशेल्हीत (अमाझीग भाषांपैकी एक), फ्रेंच, कुणालाही तो वाचता येतो.

आकड्याच्या वर नाव असतं ते मोरोक्कन पॅकरचं. चित्र मोरोक्कन, अक्षरं अरबी, घोषणा मोरोक्कन. ‘चीनचा हिरवा चहा’ हे खाली छोटं. झेजियांगच्या कारखान्याचं नाव कासाब्लांकात कुणाला ठाऊक नाही. चिनी निर्यातदाराने नावाचा मान सोडला आणि बाजार ठेवला. आपल्या मंडळींना हे पटवणं मला सर्वांत अवघड जातं. आपल्याला पुड्यावर आपला ब्रँड हवा असतो, शक्यतो चहाच्या मळ्यातल्या बाईच्या फोटोसकट, आणि वर ‘प्रीमियम इंडियन’. ती इच्छा मला समजते, कारण नावाशिवाय विकणारा उद्या दुसऱ्याकडून बदलला जाऊ शकतो. चिनी पुरवठादारांनाही ती भीती आहेच, एकमेकांशी भावावरून ते सतत झुंजत असतात. पण ज्या वस्तूला लोकांनी आपल्या घरात बलदीचा दर्जा दिला आहे, तिच्यावर परक्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं की ती पुन्हा रूमी होते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण चहाचं नाही, दुधाचं आहे. सेंट्राल लेतिएर ही मोरोक्कोतली जुनी, घराघरांत पोचलेली दूध कंपनी. फ्रान्सची दानोन तिच्यात बरीच वर्षं भागीदार होती, २०१३ मध्ये तिने बहुमताचा हिस्सा घेतला, आणि पुढे कंपनीचं नावही ‘सेंट्राल दानोन’ झालं. २० एप्रिल २०१८ पासून मोरोक्कोत महागाईविरुद्ध बहिष्काराची लाट आली. निशाणा तीन ब्रँडवर होता : हे दूध, एक बाटलीबंद पाणी आणि एक पेट्रोलपंपांची साखळी. मूळ तक्रार भावांची होती. पण कंपनीच्या एका अधिकाऱ्याने बहिष्कार घालणं म्हणजे देशाशी द्रोह असं बोलून टाकलं, आणि आगीत तेल पडलं. कंपनीला माफी मागावी लागली. दानोनचे प्रमुख एमान्युएल फाबेर स्वतः मोरोक्कोत आले, लोकांशी आणि किराणा दुकानदारांशी बोलले, आणि अखेर पाश्चराइज्ड दुधाचा भाव उतरवून ते नफ्याशिवाय विकण्याची घोषणा केली. माझं वाचन असं : नाव बदललं त्या दिवशी घरचं दूध थोडंसं परकं झालं होतं, आणि परक्याच्या तोंडून ‘देशद्रोह’ हा शब्द कुणीच ऐकून घेत नाही. इतर कारणं होतीच, पण या शब्दाने झालेलं नुकसान भावाने झालेल्या नुकसानाइतकंच खोल होतं.

गल्ल्यावर कोण बसलंय

फाबेर दुकानदारांना भेटले याला अर्थ आहे. मोरोक्कोत मॉल आहेत, मोठी सुपरमार्केटं आहेत, पण रोजचा चहा-साखर-तेल गल्लीतल्या ‘हानूत’मधून येतो. दुकानदार उधारीची वही ठेवतो, चहा पाकीटभर न मागता एका किटलीपुरता मागितला तरी देतो, घरातल्या कुणाची पेन्शन कधी येते हे त्याला माहीत असतं.

हा दुकानदार फार मोठ्या प्रमाणात सूस प्रदेशातला, अँटी-ॲटलास डोंगरातला अमाझीग असतो. ताफ्राउतजवळच्या अम्मेल्न दरीतल्या गावांतून पुरुष विसाव्या शतकात कासाब्लांका, टँजियर, रबात गाठू लागले आणि किराणा व्यापारात पाय रोवला. भाऊ-भाऊ, चुलतभाऊ आळीपाळीने दुकान चालवतात. एक काही महिने शहरात, दुसरा गावी, मग बदली. भांडवल कुटुंबाचं, शब्द गावाचा. त्यांची घरची भाषा ताशेल्हीत. गिऱ्हाईकाशी दारिजा म्हणजे मोरोक्कन अरबी, घाऊक व्यापाऱ्याशी दोन्ही, कागदपत्रं फ्रेंचमध्ये. मुंबईच्या किराणा दुकानांत कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी जी जागा घेतली तिच्याशी हे चित्र बरंच जुळतं.

म्हणून ‘अरब बाजारपेठ’ म्हणून तयार केलेली सगळी मांडणी शेवटच्या हातात अडते. तो हात अमाझीग असतो. २०२४ च्या जनगणनेत मोरोक्कोतल्या सुमारे ९२ टक्के लोकांनी दारिजा बोलतो असं सांगितलं आणि सुमारे २५ टक्के लोकांनी अमाझीग भाषांपैकी एखादी. त्यांत ताशेल्हीत सर्वांत मोठी. ‘बर्बर’ हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला, रानटी या अर्थाच्या जुन्या शब्दाशी नातं सांगणारा. ते स्वतःला इमाझिघेन म्हणवतात, एकवचनी अमाझीग. त्यांची तिफिनाघ लिपी २००३ मध्ये शाळांसाठी स्वीकारली गेली, २०११ च्या राज्यघटनेने भाषेला अधिकृत दर्जा दिला, आणि २०२३ मध्ये राजाने अमाझीग नववर्ष सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर केलं. ते १४ जानेवारीला येतं. बहुतेकदा आपल्या संक्रांतीच्या दिवशीच. त्या दिवशी ‘अझूल’ असं अभिवादन करून पाठवलेला दोन ओळींचा निरोप सूसी व्यापाऱ्याच्या लक्षात राहतो. ईदच्या शुभेच्छा त्याला सगळेच पाठवतात.

या व्यापाऱ्याच्या पाठीमागे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. तो तुम्हाला चहा देईल. पहिला पेला, दुसरा, तिसरा. त्या वेळात तो तुमच्या घराविषयी विचारेल, तुमच्या पहिल्या पुरवठ्याविषयी, तुम्ही कुणाकुणाला ओळखता याविषयी. भावाचा विषय त्याने काढेपर्यंत काढू नये. त्याच्या दृष्टीने खरी तपासणी तेव्हा चाललेली असते : हा माणूस पुढच्या वर्षी फोन उचलेल का?

काही छोट्या पण खर्चिक चुका

शुक्रवार-शनिवार सुट्टी धरून पत्रव्यवहार आखू नका. मोरोक्कोत शनिवार-रविवार सुट्टी असते, शुक्रवारी फक्त दुपार लांबते, कारण नमाज आणि घरचं कुसकुस. शेजारच्या अल्जीरियात मात्र शुक्रवार-शनिवार. मोरोक्कोचं घड्याळ वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे चालतं आणि रमजानात मागे येतं, त्यामुळे रमजानात ठरवलेली व्हिडिओ बैठक हमखास चुकते. पुड्यावर अरबी मजकूर हवा, फ्रेंच बहुधा जोडीला असतेच.

कासाब्लांकातल्या एजंटला ‘तू अल्जीरियाही बघ’ सांगू नये. दोन्ही देशांमधली जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने राजनैतिक संबंधही तोडले. आणि माहितीपत्रकावर आफ्रिकेचा नकाशा छापूच नये. पश्चिम सहारा मोरोक्को आपला मानतो, अल्जीरियाला ते मान्य नाही; त्याची वेगळी रेघ काढली तर मोरोक्कोत माल अडेल, पुसली तर अल्जीयर्समध्ये गिऱ्हाईक उठून जाईल.

मग भारतीय निर्यातदाराने काय करावं

एक मार्ग चहाचाच. काळा चहा घेऊन जाऊ नये, तिथल्या किटलीत त्याला जागा नाही. हिरव्याकडे वळायचं तर गोळीदार, भाजलेला, विस्तव सोसणारा चहा बनवायला शिकावं लागेल. आपल्याला हिरवा चहा अगदीच परका नाही. कांगड्याचा हिरवा चहा एके काळी अमृतसरच्या बाजारातून अफगाणिस्तानात जात असे. पण झेजियांगचे कारखाने जे मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात करतात त्याच्याशी भावात टक्कर देणं कठीण आहे, हे मी स्पष्ट सांगतो. ज्याला तरीही जायचं आहे त्याने सॅम्पल पाठवण्याआधी आपल्याच स्वयंपाकघरात ते विस्तवावर, पुदिन्याबरोबर, भरपूर साखरेत तीन वेळा उकळावं, आणि आयएसओचे पेले काही दिवस कपाटात ठेवावेत. सॅम्पलवर नाव नको, फक्त क्रमांक. चाखायला पहिल्यांदा बोलवायचं ते घाऊक व्यापाऱ्याच्या वयस्कर मामाला. पंचतारांकित हॉटेलचा खरेदी अधिकारी नंतर.

दुसरा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो, आणि तो आपल्या सांगलीतून जातो. मोरोक्कन ताजीनमध्ये, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या कालवणात, हळद आणि सुंठ पडतेच. हळदीला तिथे ‘खरकूम’ म्हणतात. तिथे ती पिकत नाही, आणि भारतीय हळदीच्या नियमित गिऱ्हाइकांत मोरोक्को आहे. हा व्यापार गाजावाजा न करता चालतो. हळकुंडं पोत्यांतून जातात, कासाब्लांकाच्या घाऊक बाजारात उतरतात, दळली जातात, आणि सूसी दुकानदाराच्या गल्ल्यामागच्या बरणीत जाऊन बसतात. पुड्यावर भारताचं नाव बहुतेक वेळा नसतं. घरची बाई ती विकत घेताना एकच खात्री करून घेते, की ही रंग मिसळलेली पिवळी पूड नसून अख्ख्या मुळाची, चांगल्या प्रतीची हळद आहे. अशा हळदीला मोरोक्कोच्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक रुळलेलं नाव आहे : ‘खरकूम बलदी’. गावठी हळद.